पाणी पाज म्हणायला काय जातं

पिशवी रिकामी होती.

सकाळी बघितली तेव्हा तळाला थोडंसं गढूळ, चहासारखं होतं. म्हणलं येईल. भाकरी थापल्या, परत बघितलं, तेवढंच. धुणं वाळत घातलं, परत बघितलं, तेवढंच. मग पोरीच्या कपाळाला हात लावला तर तवा.

तनू माझी मुलगी, सहा वर्षांची. तिच्या डाव्या किडनीचं ऑपरेशन झालेलं आणि आम्ही नुकतंच तिला घरी आणलेलं. कुशीतून एक बारकी नळी बाहेर काढलेली, ती पिशवीला जोडलेली, किडनीतली लघवी थेंब थेंब त्या पिशवीत उतरायची. उतरायला पाहिजे होती. ती उतरत नव्हती आणि तनू गुडघे पोटाशी घेऊन पडली होती.

"मम्मी, तसंच दुखतंय."

तसंच म्हणजे ऑपरेशनच्या आधी दुखायचं तसंच. मी तिच्या पप्पांना फोन लावला, ते टेम्पो चालवतात.

"अहो, पिशवीत लघवीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही! रिकामीय! आणि ताप आलाय!"

"तू नळीला काही केलंस का?"

पहिला प्रश्न हा. पोर कशी आहे नाही, तू काय केलंस. मी म्हणलं, हो, नळीवर कपडे वाळत घातले. ते म्हणले, "मी कात्रजच्या चौकात अडकलोय, तू रिक्षा कर, मी डायरेक्ट हॉस्पिटलला येतो."

सासूबाई मीठमोहऱ्या घेऊन उभ्या. "वाईच थांब, दृष्ट काढते."

"काढा आत्या, पण आधी माझी चप्पल कुठाय ते सांगा."

त्यांनी पोरीवरून ओवाळलं, मी चप्पल घातली, दोन्ही एकदमच झालं. एका हातात पोर, एका हातात पिशवी, तोंडात रुमाल, अशी मी धायरी फाट्यापर्यंत पळाले. पिशवी किडनीपेक्षा खाली ठेवायची असं सांगितलेलं, म्हणून रिक्षात बसल्यावर मी ती पायाशी धरली. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "ताई, पिशवी वर घ्या, सांडंल."

"दादा, सांडायला त्यात काही असतं तर मी तुमच्या रिक्षात कशाला बसले असते?"

त्यानं उलट्या बाजूनं घातली रिक्षा. देव त्याचं भलं करो, नियम मोडल्याबद्दल.

मी आठवीपर्यंत शिकलेय. हे मी मोबाईलमध्ये बोलून लिहिलंय, शब्द वाकडेतिकडे असतील. वॉर्डातल्या एका ताई म्हणल्या, तुझं झालं ते सांग, दुसऱ्या आयांना उपयोग होईल. उपयोग होईल का माहीत नाही. राग मात्र मोकळा होईल.

आधीचं सांगते

तनूचं पोट वर्षभर दुखत होतं. रोज नाही. मधेच यायचं, गुरासारखी ओरडायची, उलटी करायची, आणि संध्याकाळपर्यंत खाली खेळायला. त्यामुळं कोणाला खरंच वाटायचं नाही. शाळेतल्या बाई म्हणल्या नाटकं आहेत. गल्लीतल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. सासूबाईंनी बेंबी सरकली म्हणून तेल लावून पोट चोळलं, पोर आणखीन ओरडली.

मग डॉक्टर म्हणले, "लघवीला जळजळ होते का? पाणी कमी पिते का? खडा असू शकतो. पाणी पाजा भरपूर."

झालं. तिथून सुरू. खालच्या काकू म्हणल्या जवाचं पाणी पाज. वरच्या म्हणल्या धण्याचं. माझी बहीण बिबवेवाडीवरून शहाळी घेऊन आली. वाण्याच्या दुकानातली बाई, जिचं माझं बोलणं नाही, ती पण म्हणली, "पाणी पाज गं तिला." पाणी पाज म्हणायला कोणाचं काय जातं? प्रत्येकाला वाटतं आपण औषध सांगितलं.

मी पाजायचे. उठल्या उठल्या तांब्याभर. शाळेतून आल्यावर मोठा ग्लास. आणि हिला पाणी बघितलं की रडू. बाटली शाळेतून भरलेली परत यायची. ओरडल्यावर बाटली रिकामी यायला लागली, मी खूश. नंतर बाईंनी सांगितलं, ही कुंड्यांना पाणी ओतते.

सासूबाई म्हणल्या, "आपण टँकरची वाट बघून हंडे भरायचे, आन ही राणीसरकार झाडाला घालती. लाडावून ठेवलंय."

आणि शहाळं पाजलेल्या दिवशी तर एवढं दुखलं, एवढं दुखलं, की पोर जमिनीवर लोळत होती. आम्ही काय म्हणलो असू? आम्ही म्हणलो, खडा सुटतोय वाटतं, अजून पाजा.

कोणीतरी तिला विचारलं

शेवटी सोनोग्राफी केली. तिथले डॉक्टर पोटावर ते मशीन फिरवत होते, फिरवता फिरवता गप झाले. परत तिथंच फिरवायला लागले. मला तेव्हाच कळलं. डॉक्टर बोलत असले की बरं असतं, गप झाले की वाईट.

"डाव्या किडनीत पाणी साचलंय," ते म्हणले.

मी म्हणलं, "हो, पाजतो ना आम्ही भरपूर."

ते हसले. मला वाटलं शाबासकीचं हसले.

त्यांनी मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. तिथं लहान मुलांच्या सर्जन मॅडम होत्या. त्यांनी रिपोर्ट बघितला, बाजूला ठेवला, आणि आमच्याशी नाही, तनूशी बोलल्या.

"पाणी प्यायलं की दुखतं का गं?"

तनूनं माझ्याकडं बघितलं. मग मान हलवली, हो.

"आईला सांगितलंस का?"

"सांगितलं. मम्मी म्हणती पी."

वर्षभरात तिला हे विचारणारं ते पहिलं माणूस. मी पण नाही, हिचे पप्पा पण नाही, गल्लीतले डॉक्टर पण नाही. सगळे तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होतो.

मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. किडनीतून लघवी खाली जायला एक नळी असते, तिचं वरचं तोंड तनूचं जन्मापासूनच बारीक. जास्त पाणी प्यायली की जास्त लघवी तयार होणार, खाली जायला वाट नाही, मग किडनी ताणत जाणार. मी म्हणलं, "मोरी तुंबलीय आणि वरून आम्ही नळ सोडून बसलोय." त्या म्हणल्या, "अगदी तेच."

"किडनी दमलीय," त्या म्हणल्या. "पण अजून काम करतेय. अरुंद भाग कापून परत जोडला, वाट मोकळी केली, की सावरेल. नाही केलं तर पुढं ती काढून टाकायला लागेल. आणि जोडलेलं नीट जुळलं नाही, त्यात इन्फेक्शन झालं, तरी तीच भीती. म्हणून नंतरची काळजी महत्त्वाची."

काढून टाकायला. सहा वर्षांच्या पोरीची. मी पुढचं काही ऐकलंच नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर हिच्या पप्पांनी दोन चहा सांगितले. मग म्हणले, "म्हणजे सगळ्यांनी मिळून माझ्या पोरीला पाणी पाजलं म्हणायचं."

मी फस्सकन हसले आणि तिथंच रडायला लागले. टपरीवाल्यानं पैसे मागितले नाहीत आणि बघितलं पण नाही, दुसरीकडं तोंड करून गिऱ्हाईक करत राहिला.

वॉर्ड

वॉर्डात उजाडायच्या आधी झाडायला येतात आणि खाटेखालच्या सगळ्या पिशव्या खाटेवर ठेवायला लावतात, पेशंट उठला तर उठला. राऊंड आला की नातेवाईक बाहेर. राऊंड गेला की आत येऊन सिस्टरला विचारायचं, डॉक्टर काय म्हणले? सिस्टर म्हणणार, "तेच म्हणले." तेच म्हणजे काय ते कोणी सांगत नाही.

शेजारच्या खाटेवर शबानाभाभी होत्या, कोंढव्याच्या, त्यांच्या बाळाचं पण लघवीचंच ऑपरेशन होतं. मी दोन दिवस अंघोळीला गेले नव्हते. त्या म्हणल्या, "जा गं, नहा ले. मी बघते. तुझी पोरगी काय खाट घेऊन पळणारे का?" गरम पाण्याची बादली कुठं मिळते, कुठल्या मावशी ओरडतात आणि कुठल्या नुसतं तोंड वाकडं करतात, सगळं त्यांनी मला शिकवलं. त्यांची चपाती-भाजी तनूनं खाल्ली, घरची खात नव्हती ती.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर सांगून गेली, "आता हिला पाणी अजिबात द्यायचं नाही. एक घोट पण नाही."

तनू एवढी खूश झाली! "मम्मी, ही सिस्टर चांगलीय."

सगळ्या वॉर्डातली पोरं पाणी पाणी करून रडत होती आणि माझी हसत झोपली.

सकाळी तिच्या कमरेचा काळा दोरा कापला. सासूबाई म्हणल्या, "तो तरी ऱ्हाऊ द्या." सिस्टर म्हणली, "आजी, आत आम्ही आहोत ना." सासूबाई हळूच मला म्हणल्या, "म्हणूनच म्हणते."

दार बंद झालं. त्या बाकड्यावर कसं बसायचं असतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी तो तुटका दोरा मुठीत धरून बसले होते. हे सारखे उठून गार्डला विचारत होते, "अजून किती?" गार्ड म्हणाला, "साहेब, मी दारावर असतो, पोटात नाही बघत."

मॅडम बाहेर आल्या. "झालं. वाट मोकळी केलीय. ही नळी जोडावर जोर येऊ नये म्हणून आहे, पुढच्या तपासणीला काढू. ती चालू राहिली पाहिजे." मी त्यांच्या पायाच पडले. त्या म्हणल्या, "उठा उठा, चप्पल आहे."

घरी सोडलं

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथं बिघडलं.

घरी सोडताना सिस्टरच्या टेबलापाशी गर्दी. ती एका दमात बोलली, "पाणी भरपूर पाजायचं, नळी ओढायची नाही, पिशवी खाली ठेवायची, गोळ्या वेळेवर, ताप आला तर लगेच आणायचं, कळलं?"

मी म्हणलं, कळलं. पुढं सरकले. मग डोक्यात आलं, पाणी? परत पाणी? मी वळून म्हणलं, "सिस्टर, पाण्यानंच तर तिचं..."

"पुढचे कोण?"

पुढचे आले. मी बाजूला झाले. हिचे पप्पा खालून हॉर्न देत होते.

घरी आल्यावर मी ग्लास पुढं केला तर तनूनं तोंड घट्ट मिटलं. दात आवळून. डोळ्यात भीती, अशी की मला बघवेना. "मम्मी, तूच म्हणालीस ना पाण्यानं दुखतं. मॅडम पण म्हणल्या."

म्हणाल्याच होत्या.

सासूबाई म्हणल्या, "पाजू नगं. ताजं हाय सगळं. टाक्यात पाणी हुईल."

हे आमच्याकडं सगळ्या बायकांना माहीत असतं. टाके पडले की पाणी कमी, नाहीतर टाक्यात पाणी होतं, पिकतात. तनूच्या वेळेला माझं सिझर झालं तेव्हा सासूबाईंनी मला मोजून कोमट पाणी दिलं, मी तहानेनं तडफडायचे, पण टाके कसे सुकले, एकदम छान. मग हे खोटं कसं म्हणू? माझ्याच पोटावर खूण आहे.

हिचे पप्पा म्हणले, "सिस्टरनी सांगितलंय ना, पाज."

"तुम्ही पाजा."

त्यांनी मांडीवर घेतली. वाटी तोंडाला लावली. पोरीनं अशी किंकाळी मारली की शेजारचे आले. त्यांनी वाटी खाली ठेवली, टेम्पोची किल्ली उचलली आणि गेले. पुरुषांना जाता येतं. किल्ली असते.

मग मी काय केलं, गोळी गिळण्यापुरतं पाणी दिलं. मऊ भात दिला, वरण दिलं. पाणी तिला नको होतं, सासूबाईंना नको होतं, आणि खरं सांगू का, मला पण नको होतं. ती दुखत नाही म्हणून शांत झोपायची ना, ते मी वर्षभरात बघितलं नव्हतं. ती झोपलेली बघत बसायचे. मला वाटायचं मी बरोबर करतेय.

पिशवीतली लघवी पहिल्यांदा पिवळी होती. मग दाट झाली. मग चहासारखी. मग ती सकाळ.

परत

अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं पिशवी बघितली, जीभ बघितली, आणि मला म्हणाला, "पाणी दिलंच नाही का हिला? एवढं पण कळत नाही का आईला?"

सगळ्या लोकांसमोर. मी पोरीला आणखी घट्ट धरलं. तेवढ्यात हे आले घामाघूम, त्यांनी ते शेवटचं वाक्य ऐकलं. मला वाटलं आता हे पण त्याचीच री ओढणार. ते डॉक्टरला म्हणले, "ओ, आईला कळतं का नाही ते आपण नंतर बघू. पोरीला आधी बघा."

लग्न झाल्यापासून मला कधी एवढे आवडले नव्हते.

लघवी घट्ट होऊन नळीत गाळ अडकला होता. नळी तुंबली, लघवी आत साठली, इन्फेक्शन सुरू झालं. परत तीच मोरी. डॉक्टरनी बारक्या सिरींजनं सलाईनचं पाणी हळूहळू सोडून नळी मोकळी करायला घेतली. हातातून सलाईन चालू केलं, औषधं टाकली. मी पिशवीकडं बघत होते. काही येत नव्हतं.

सर्जन मॅडम आल्या. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं की किडनीचं त्यांच्या पण मनात आलंय.

"पाणी का नाही दिलंत?"

आता मात्र माझा बांध फुटला. मी म्हणलं, "मॅडम, वर्षभर सगळे म्हणले पाणी पाज, मी पाजलं, पोर लोळली. तुम्हीच सांगितलं पाण्यानं किडनी ताणते. ऑपरेशनला म्हणले घोटभर पण देऊ नका. घरी सोडताना परत म्हणले भरपूर पाजा. कशावर विश्वास ठेवायचा? कोणी सांगितलं का मला, की आता वाट मोकळी झालीय, आता पाण्यानं दुखणार नाही? एक वाक्य होतं! एक!"

तो तरुण डॉक्टर सलाईनची बाटली वाचत उभा.

मॅडमनी स्टूल ओढलं, तनूजवळ बसल्या. "तनू, तुझ्या पोटातली मोरी मी साफ केलीय. मम्मीला माहीतच नव्हतं. आता पाणी प्यायलं की ते खाली जातं, अडकत नाही. नळीत थोडा कचरा होता, तो हे दादा काढतायत. दोन घोट पिऊन बघतेस?"

"दुखणार नाही?"

"दुखलं तर मला मार."

"कुठं?"

"तू सांग कुठं."

तनूनं विचार केला. "दंडावर."

"चालेल."

तिनं दोन घोट घेतले. डोळे मिटून, औषधासारखे. मग आम्ही सगळे बघत बसलो, मॅडम पण, हे पण. नळीत काहीतरी सरकलं. एक थेंब आला, मग दुसरा, मग धार. माझ्या आयुष्यात मी लघवी बघून कधी एवढी रडले नव्हते.

मॅडम उठता उठता सिस्टरना म्हणल्या, "यापुढं पाणी पाजा सांगताना, का पाजायचं ते पण सांगा." आणि मला म्हणल्या, "तुम्ही पण, कळलं म्हणायच्या आधी कळेपर्यंत विचारत जा." मी म्हणलं, "विचारलं होतं. पुढचे कोण म्हणले."

आता

ताप उतरायला बरेच दिवस लागले. मग नळी निघाली. त्यानंतरच्या सोनोग्राफीत सूज कमी होती. मॅडम म्हणल्या, किडनी राहिली, पण अजून नजर ठेवायची, तपासण्या करत राहायचं. त्या झटक्यानं तिचं काही नुकसान झालं का, ते पुढच्या तपासणीत कळेल. ती अजून व्हायचीय. त्यामुळं मला पूर्ण हसता पण येत नाही.

तनू पाणी पिते आता. पण प्रत्येक ग्लास आधी माझ्याकडं धरते. मी पहिला घोट घ्यायचा, थांबायचं, तिनं माझा चेहरा बघायचा, मग ती पिणार. दिवसभरात माझंच पोट पाण्यानं टम्म होतं.

पाहुणे बघायला येतात. सासूबाई सांगतात, "हिनं पाणीच दिलं न्हाई पोरीला, म्हणून परत न्यावं लागलं." टाक्यात पाणी होईल कोण म्हणलं, ते सांगत नाहीत. पाहुणे माझ्याकडं बघतात आणि म्हणतात, "पाणी पाजत जा गं." मी म्हणते, हो.

ज्यांच्या पोरांना अशी नळी आहे त्या आयांनो, पिशवी रिकामी दिसली, रंग दाट झाला, अंग तापलं, तर भाकरी थापत बसू नका माझ्यासारखं. पळा. एवढंच मला सांगता येतं.

पण मला कोणी हुशार माणसानं एक सांगावं. शिकलेल्यांनी सांगावं, त्या तरुण डॉक्टरनी पण सांगावं. ज्या पाण्यानं वर्षभर पोर लोळली, तेच पाणी ग्लासात. समोर ती, दात आवळलेली, डोळ्यात तुमचीच भीती. पाठीमागं सासू म्हणतेय नको. आणि का पाजायचं ते कोणी सांगितलेलं नाही.

तुम्ही तिचं तोंड उघडलं असतं का?